तुम्ही विचारलंत म्हणून: लूपमधला लेहरा समेवर का अडखळतो?

मी पेटी वाजवतो. तबल्याच्या साथीला तालाच्या एका आवर्तनाची, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याची, धून पुन्हापुन्हा वाजवतात, तो लेहरा. तबला शिकणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, "फोनवरच्या लूप अ‍ॅपमध्ये लेहरा भरला, पण दर आवर्तनाला समेशी धक्का बसतो. असं का?"

सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पहिला ठोका. हे अ‍ॅप भरलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवतं, आणि रेकॉर्डिंग सुरू-बंद करायचं बटण कुठे दाबलं, यात त्या धक्क्याचं उत्तर आहे. सोळा मात्रांच्या तीनतालात सोळावी मात्रा आली की बोट आपोआप बटणाकडे जातं. पण सोळावी पूर्ण सरून पुढची सम येते, तेव्हा कुठे तीनतालाचं आवर्तन पुरं होतं. पहिल्यांदा समेवर दाबलं असेल तर दुसऱ्यांदाही समेवरच दाबायचं. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत तीनताल १६ सेकंदांचा. सोळावी सुरू होताना दाबलंत तर लूप १५ सेकंदांचा होतो, एक अख्खी मात्रा गळते. त्यापेक्षा लय आणि लांबी अ‍ॅपमध्ये आधीच ठरवून द्या. मग तोडायचं काम अ‍ॅप करतं आणि दोन्ही हात पेटीवर राहतात.

एवढं करूनही धक्का राहतो, त्याचं कारण नाजूक आहे. पहिल्या आवर्तनाच्या समेआधी शांतता असते. नंतरच्या प्रत्येक समेवर मात्र सोळाव्या मात्रेचा सूर अजून विरत असतो. म्हणून सलग तीन आवर्तनं वाजवायची आणि मधलं ठेवायचं. त्याच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची आस, म्हणजे रेंगाळणारा सूर, असते, शेवट पुढच्या समेकडे ओढ घेत असतो, आणि सांधा ऐकू येत नाही. मला विचाराल तर इतर सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

रेकॉर्ड करताना ब्लूटूथचे इअरफोन नकोत. त्यांतून आवाज कानाशी उशिरा पोचतो, अनेकदा ०.२ सेकंदांच्या आसपास. मिनिटाला १५० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच ०.४ सेकंदांची असते, म्हणजे अर्धी मात्रा गेली! वायरचे इअरफोन वापरा. स्पीकर लावून दुसरा थर भरला तर पहिल्या थराचा आवाजही माइकमध्ये शिरतो आणि सगळं गढूळ होतं. गोंगाट कमी करणारी सोय असेल तर तीही बंद ठेवा. सलग वाजणारा तानपुरा तिला गोंगाटच वाटतो.

तानपुरा वेगळ्या थरात भरा, आणि त्याची लांबी तालाला बांधू नका. तारा आपल्या गतीने झंकारत राहिल्या तरच लेहऱ्याला श्वास मिळतो.

तीनताल, केरवा सहज बसतात, कारण बहुतेक अ‍ॅप चार-चार ठोक्यांच्या खणांच्या (बार) हिशेबाने, म्हणजे ४/४ ने, बनलेली असतात. खरी अडचण रूपक आणि झपतालाची. आयफोनच्या गॅरेजबँडमध्ये ४/४, ३/४ आणि ६/८ एवढेच पर्याय आहेत. सहा मात्रांचा दादरा ३/४ च्या दोन खणांत बसतो, रूपकाच्या सात मात्रा बसत नाहीत. अशा वेळी एका मात्रेला ४/४ चा एक अख्खा खण द्यायचा. मिनिटाला ४० मात्रांचा रूपक हवा असेल तर अ‍ॅपची लय १६० ठेवायची आणि सात खण घ्यायचे. प्रत्येक मात्रेचे चार भाग आयते मिळतात, चौपटीच्या, म्हणजे चौपट वेगाच्या, रियाजाला ते फार उपयोगी पडतात. लूपी प्रोसारख्या अ‍ॅपमध्ये पहिल्या लूपची लांबीच पुढच्यांना माप म्हणून देता येते, तिथे झपतालाच्या दहा मात्रा थेट वाजवा.

लय वाढवायला एकच लूप फार ताणू नका, पेटीचा सूर फाटायला लागतो. विलंबित, मध्य आणि द्रुत असे तीन वेगळे लेहरे भरलेले बरे. फाइलच्या नावात पट्टी (पेटीवरचा 'सा' कुठला ते), ताल आणि लय लिहून ठेवा, "काळी चार, झपताल, ६०" असं, म्हणजे तबला कुठल्या पट्टीत मिळवायचा ते उघडायच्या आधीच कळतं.