सेमी इंग्रजीच्या वर्गात एक उतारा, पाच तासिका

'द ग्लिब टॉम्ड इन अ व्हेंटी सोग.' या वाक्याला काहीही अर्थ नाही, यातले निम्मे शब्द मुद्दाम बनवलेले आहेत. तरी हे वाक्य फळ्यावर लिहा, खाली 'व्हेअर डिड द ग्लिब टॉम?' असा प्रश्न लिहा आणि सातवीच्या वर्गाला उत्तर लिहायला सांगा. बऱ्याच वह्यांत अचूक उत्तर येईल: 'द ग्लिब टॉम्ड इन अ व्हेंटी सोग.' व्याकरण बरोबर, गुण पूर्ण, हाती काहीच नाही. आकलनाचे पुष्कळसे प्रश्न मुलं याच पद्धतीनं सोडवतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची. शिक्षकांना वाटतं, समजलं. मुलालाही तसंच वाटतं, आणि ते जास्त घातक आहे.

ठाण्यात आणि नवी मुंबईत मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत आज सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. म्हणजे मुलाला इंग्रजी 'येणं' पुरत नाही, त्या भाषेत नवा विषय वाचून समजून घ्यावा लागतो आणि त्यावर लिहावंही लागतं. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी, हा भेद कॅनडातले भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. परक्या देशात आलेल्या मुलांना बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला मात्र पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवरून दाखवलं. त्या मुलांच्या कानांवर दिवसभर इंग्रजी पडत होतं. घणसोलीतल्या किंवा कळव्यातल्या मुलाच्या कानांवर ते दोन-तीन तासिकांपुरतं पडतं. त्यामुळे 'ऐकून ऐकून येईल' हा भरवसा आपल्याला परवडणारा नाही. अभ्यासाचं इंग्रजी शिकवावंच लागतं, आणि विषयाच्या धड्यातच शिकवावं लागतं.

माझं ठाम मत असं: आठवड्याला पाच उतारे वरवर सोडवून घेण्यापेक्षा एकच उतारा पाच तासिका पिंजून काढावा, आणि लेखन त्याच उताऱ्यातून उगवू द्यावं.

उतारा १२० ते १५० शब्दांचा असावा. त्याहून मोठा घेतला की तिसऱ्या दिवशी मुलांना आणि शिक्षकांना, दोघांनाही त्याचा कंटाळा येतो. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं असेल तर मजकुरातले शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असं वाचनावरचं संशोधन सांगतं. वर्गात शिक्षक सोबत असतात, म्हणून शंभरात पाच अनोळखी शब्द चालतात. दहा झाले की वाचन थांबतं आणि शब्दार्थ उतरवणं सुरू होतं. उतारा निवडण्याआधी त्यातले वीस शब्द फळ्यावर लिहून 'माहीत असलेल्यांवर बोट वर करा' एवढं केलं तरी अंदाज येतो.

विषय जवळचा घ्यावा. इथल्या मुलांसाठी ठाणे खाडीइतका चांगला विषय शोधून सापडणार नाही. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली, आणि कांदळवनावर विज्ञान आणि भूगोल दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. ऐरोली-दिव्याच्या आगरी-कोळी घरांतल्या मुलांना तिवर (कांदळवनाचं झाड), चिंबोऱ्या (खेकडे), निवट्या (चिखलातले मासे), भरती-ओहोटी हे सगळं पाहून माहीत असतं. ज्या मुलाला इंग्रजीच्या तासाला कुणी विचारत नाही, तोच इथे वर्गाला शिकवू शकतो. माहिती आधीपासून असली की डोक्यावरचा निम्मा भार उतरतो आणि उरलेलं लक्ष भाषेकडे जातं.

पहिल्या तासिकेत लगेच उतारा उघडायचा नाही. पंधरा मिनिटं विषयावर मराठीत बोलायचं. चिखलात झाड श्वास कसा घेत असेल? खारं पाणी त्याला चालतं कसं? मुलांचे अंदाज फळ्यावर लिहायचे. अर्ध्या वर्गाची घरची भाषा हिंदी, कन्नड, गुजराती किंवा आगरी असू शकते, जोडीत त्यांनी आपल्या भाषेत बोललं तरी हरकत नाही. मग शिक्षकांनी उतारा दोनदा मोठ्यानं वाचायचा आणि मुलांनी ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. वर्गानं एका सुरात वाचणं टाळा. त्या कोलाहलात दहा जणांचे फक्त ओठ हलत असतात आणि ते कुणाला कळत नाही.

शब्दांच्या बाबतीत गडबड नेमकी कुठे होते, ते सांगतो. विषयाचे शब्द, म्हणजे मॅन्ग्रोव्ह, ऑक्सिजन, टाइड, हे पुस्तकात ठळक असतात, चित्रासह असतात, शिक्षक ते समजावतातच. रोजचे शब्द मुलांना येतात. या दोन्हींच्या मधले शब्द मात्र कुणीच शिकवत नाही: ऑकर, कन्सिस्ट, इनडायकेट, ऑल्दो, देअरफोर, सिग्निफिकंट, कम्पेअर. हे शब्द विज्ञानात येतात, भूगोलात येतात, प्रश्नपत्रिकेत येतात, आणि त्यांचं चित्र काढता येत नाही. आठवड्याला असे चार, फार तर पाच शब्द घ्या. प्रत्येक शब्द त्या आठवड्यात किमान तीन वेगळ्या वाक्यांत मुलांच्या तोंडून आला पाहिजे, त्यातलं एक वाक्य दुसऱ्या विषयातलं हवं. नुसता अर्थ लिहून घेतलेला शब्द सोमवारपर्यंत टिकत नाही.

आणखी एक सवय वेळीच मोडायला हवी. मुलं इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहितात, त्याच्यावर मराठी अर्थ. पुढच्या वेळी नजर थेट देवनागरीवर जाते आणि इंग्रजी अक्षरांकडे ती बघतही नाहीत. अर्थ लिहायचाच तर समासात, पाचांहून जास्त नाही. लांब शब्द फोडायला तिरकी रेघ मारू द्या: सिग/निफि/कंट. देवनागरीत अक्षरागणिक वाचायची सवय मुलांना असतेच, ती इथे उपयोगी पडते.

दुसरी आणि तिसरी तासिका वाक्याची. हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच वगळला जातो. दर दिवशी उताऱ्यातलं एकच लांब, भरीव वाक्य घ्यायचं. अमेरिकेत भाषातज्ज्ञ लिली वाँग फिलमोर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी ही रीत रुजवली. उदाहरणार्थ: 'ऑल्दो द मड कंटेन्स व्हेरी लिटल ऑक्सिजन, मॅन्ग्रोव्ह ट्रीज सर्व्हाइव्ह बिकॉज दे हॅव रूट्स दॅट ग्रो अपवर्ड्स इंटू द एअर.' हे वाक्य चार कागदी पट्ट्यांवर लिहा: ऑल्दोची पट्टी, सर्व्हाइव्हची, बिकॉजची आणि दॅटची. मुलांना आधी मुख्य वाक्य उचलायला सांगा. कोण? झाडं. काय करतात? तगून राहतात. मग बाकीच्या पट्ट्या एकेक करून जोडायच्या आणि दर वेळी विचारायचं, या पट्टीनं नवीन काय सांगितलं?

इथे मराठीची रचना मुलांच्या वाक्यात डोकावते, आणि ती कुठून येते ते शिक्षकांना माहीत हवं. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' यावंच लागतं, म्हणून मुलं ऑल्दोनंतर हमखास बट लिहितात. 'जेव्हा-तेव्हा'मुळे 'व्हेन टाइड कम्स, दॅट टाइम' असं वाक्य येतं. 'जी मुळं वर येतात ती मुळं' या घडणीतून 'व्हिच रूट्स कम अप, दोज रूट्स' येतं. ही बेफिकिरी नाही, मूल आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळतंय. दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मराठीत जोडीनं येणारा कोणता शब्द इंग्रजीत गळतो, ते मुलांनाच शोधू द्या. नियम सांगून जे महिनाभरात होत नाही, ते या तुलनेनं बऱ्याच मुलांच्या ध्यानात राहतं.

दॅटच्या पट्टीवर जास्त वेळ द्या. 'हवेत वर वाढणारी मुळं' असं आपण म्हणतो, म्हणजे मुळांचं वर्णन मुळांच्या आधी येतं. इंग्रजीत मुळं आधी येतात आणि वर्णन मागून. डावीकडून वाचत जाणारं मूल रूट्सपाशी वाक्य संपलं असं धरतं आणि पुढचं सगळं त्याला सुटं, बेवारस वाटतं. दॅट किंवा व्हिच दिसलं की तिथून मागच्या नामाकडे बाण काढायची सवय लावली, तर विज्ञानाच्या पुस्तकातली बरीच वाक्यं खुलतात.

क्रियेचं नाम होणं हा दुसरा अडथळा. इव्हॅपरेटचं इव्हॅपरेशन, ॲब्सॉर्बचं ॲब्सॉर्प्शन, ग्रोचं ग्रोथ. पाठ्यपुस्तकी मराठीही हेच करते: बाष्पीभवन, शोषण, वाढ. म्हणून वहीच्या मागच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता ठेवावा, इंग्रजी क्रियापद, इंग्रजी नाम आणि मराठी नाम. वर्षाअखेर तो चांगला भरतो.

तिसऱ्या तासिकेची शेवटची दहा मिनिटं जोडीनं वाचन. एकानं एक मिनिट वाचायचं, दुसऱ्यानं कुठवर आला तिथे खूण करायची. तोच मजकूर तीनदा. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं लक्ष्य आहे. सातवीतलं मूल इंग्रजीत त्याच्या बरंच खाली असेल तर त्याची सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यातच जाते आणि वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात निसटते. खुणेची तुलना मात्र मुलाच्या स्वतःच्या आधीच्या खुणेशीच करायची. वर्गात आकडे मोठ्यानं वाचून दाखवले की हळू वाचणारी मुलं दुसऱ्या दिवसापासून गैरहजर राहू लागतात.

समजलं की नाही हे तपासायला उतरवता न येणारे प्रश्न विचारा. आकृती काढून नावं द्या. कारण आणि परिणाम असा दोन रकान्यांचा तक्ता भरा. विधान खरं की खोटं ते सांगा आणि पुरावा कोणत्या ओळीत आहे तो आकडा लिहा. पुस्तक मिटून शेजाऱ्याला घरच्या भाषेत सांगा. 'परीक्षेचं काय?' असा आक्षेप येतोच. दहावीच्या इंग्रजीच्या पत्रिकेत सारांशलेखन आहे, माहितीचं तक्त्यात किंवा परिच्छेदात रूपांतर आहे, भाषांतर आहे. ही त्याचीच तयारी आहे, तीन वर्षं आधी सुरू केलेली.

चौथ्या तासिकेत सगळ्यांनी मिळून एक परिच्छेद लिहायचा. पाच वाक्यं, प्रश्न एकच: कांदळवनाची झाडं चिखलात कशी तगतात? मुलांनी सांगायचं, शिक्षकांनी फळ्यावर लिहायचं. चुकीचं वाक्य आलं तर तसंच लिहायचं, मग 'हे वाचून चौथीतल्या मुलाला कळेल का?' असं विचारून खोडायचं, बदलायचं. खाडाखोड पुसायची नाही. परिच्छेद एका दमात उतरत नाही, तो घडवावा लागतो, हे मुलांना दिसलं पाहिजे. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक तर शिक्षक मनातलं तयार उत्तर फळ्यावर उतरवतात आणि मुलं ते वहीत घेतात. दुसरं म्हणजे पुढच्या बाकावरची चार-पाच मुलंच बोलतात. प्रत्येक वाक्याआधी एक मिनिट जोडीत बोलू द्या आणि मग हजेरी क्रमांकानं विचारा.

पाचव्या तासिकेत फळा पुसून प्रत्येकानं स्वतः लिहायचं, पण थोडा वेगळा प्रश्न घेऊन, म्हणजे कालचा परिच्छेद पाठ केलेला चालणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत वाक्यांच्या सुरुवाती द्या. तिसऱ्या-चौथ्यात फक्त जोडशब्द. पाचव्यापासून काही नाही. सुरुवाती वर्षभर देत राहिलं की चाळीस वह्यांत एकच परिच्छेद चाळीसदा येतो. महिनाभर परिच्छेदाचा एकच प्रकार ठेवावा: प्रक्रिया, कारण, तुलना किंवा वर्णन.

तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. लालभडक पानावरून मुलाला एवढंच कळतं की आपल्याला येत नाही. आठवड्याला एकच व्याकरणाची बाब धरा. समजा, अ आणि द. मराठीत ही उपपदंच नसल्यानं ती सुधारायला वर्षं लागतात, घाई करून उपयोग नाही. चुकीभोवती गोल करा, दुरुस्ती मुलानं करायची. गुण देताना तीन गोष्टी आधी बघा: प्रश्नाचं उत्तर आहे का, कारण जोडलंय का, विषयाचे शब्द नेमके वापरलेत का. व्याकरणाची ती एक बाब त्यानंतर.

घरी इंग्रजी येत नाही म्हणून पालक कानकोंडे होतात आणि चौथीपासूनच शिकवणी लावतात. त्यांना एवढंच सांगावं: संध्याकाळी वीस मिनिटं मुलाला आठवड्याचा उतारा समोर धरून तुमच्या भाषेत समजावायला सांगा, आणि मध्ये मध्ये 'असं का?' विचारा. मूल जिथे अडकेल त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करा. सकाळी शिक्षकांनी तासिका त्या खुणांपासूनच सुरू करावी.