सातभायाचा हापसा

भुवनेश्वरहून कटक, केंद्रपाडा आणि पट्टामुंडाई मागे टाकून राजनगर गाठेपर्यंत दुपार कलली होती. भितरकनिकाच्या खाऱ्या पाण्यातील मगरी पाहायला येणारे पर्यटक याच भागातून नावेत बसतात. मला मात्र बागपातियाला जायचे होते. केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया हा मुळात सात गावांचा समूह. त्यातील गोविंदपूर, मोहनपूर, चिंतामणीपूर अशी गावे एकामागून एक बंगालच्या उपसागरात गेली आणि उरलेल्या ५७१ कुटुंबांसाठी ओडिशा सरकारने बागपातियाची वसाहत उभी केली. समुद्राच्या धुपीमुळे सरकारने आखणी करून गाव हलवल्याची आपल्या देशातील ही पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

वसाहत पाहताक्षणी वाईट वाटावे अशी नाही. आखीव रस्ते, विजेचे खांब, पक्की घरे, परसात शेवगा. प्रत्येक कुटुंबाला दहा डेसिमल जागा आणि घर बांधण्यासाठी दीड लाख रुपये मिळाले, असे मला तेथे सांगण्यात आले. डेसिमलचा हिशेब मला चटकन उमगेना, म्हणून मी वहीवर आकडेमोड केली. दहा डेसिमल म्हणजे एकराचा दहावा भाग, म्हणजेच आपले चार गुंठे. चार गुंठ्यांत घर होते, वांग्याचे चार वाफे होतात, एखादी गाय बांधता येते. भातशेती होत नाही. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना सरकारने घराच्या बदल्यात घर दिले, शेताच्या बदल्यात शेत दिले नाही, आणि हे पुनर्वसन लंगडे राहिले ते इथेच, असे माझे मत झाले. वसाहतीत तरुण पुरुष फारसे दिसत नाहीत. ते केरळमधील प्लायवूडच्या कारखान्यांत आहेत.

ज्या घरी मी थांबलो, तेथील वृद्ध गृहिणीला सगळे ‘माउसी’ म्हणत. मावशीच्या इतका जवळचा शब्द सापडल्यावर मीही तेच म्हणू लागलो. नव्या सिमेंटच्या घराला त्यांनी जुने लाकडी दार बसवले होते. दार चौकटीपेक्षा चार बोटे आखूड होते आणि खालच्या फटीत गोणपाट कोंबलेले होते. माउसींनी मोडक्या हिंदीत सांगितले की, सरकारने हलवण्याआधी त्यांनी स्वतःच तीन वेळा घर मागे सरकवले होते. बांबू, कौले, भांडी बदलत गेली. दार मात्र दर वेळी डोक्यावरून नेले. शेताविषयी विचारले तेव्हा त्या दोनच शब्द बोलल्या, “समुद्र खाइगला.” समुद्राने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका गावकऱ्याबरोबर मी नावेने आणि पुढे पायी जुन्या सातभायाकडे गेलो. किनाऱ्यावर मुळांसकट आडवे झालेले वृक्ष, विटांचे तुकडे आणि पाण्याच्या कडेला उभा असलेला एक हापसा. त्याचा दांडा माझ्या डोक्याच्याही वर होता. क्षणभर मला वाटले, हापसा इतक्या उंचावर कशाला बसवला असावा? मग लक्षात आले की हापसा जागच्या जागीच आहे, खालची जमीन गेली आहे. गंजलेला पाइप जितका उघडा पडला होता, तितकी वाळू समुद्राने तेथून नेली होती. ओहोटी असल्यामुळे मला त्याच्यापर्यंत चालत जाता आले. सोबतचा गावकरी म्हणाला, याचे पाणी गोड होते.

दोष एकट्या वाढत्या समुद्राला देता येत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला, हे खरेच. पण किनारा टिकतो तो नदीने आणलेल्या गाळावर. महानदीवर १९५७ साली हिराकुड धरण पूर्ण झाले, तिचा बराचसा गाळ वरच अडू लागला. शिवाय या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाते. दक्षिणेला पारादीप बंदराच्या ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवण्यासाठी समुद्रात बांधलेल्या भिंती त्या वाळूला आडव्या येतात, याकडेही अभ्यासक बोट दाखवतात. खात्यात जमा थांबली आणि खर्च वाढत गेला, तर शिल्लक कुठली राहणार?

गावाबरोबर देवही हलले. सातभायाच्या पंचुबाराही देवींची पूजा कोळी समाजातील विवाहित स्त्रियाच करतात आणि त्या दगडी मूर्तींना पुरुषाने हात लावायचा नाही, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत होती. एप्रिल २०१८ मध्ये मूर्ती बागपातियाला न्यायची वेळ आली. एवढे जड दगड उचलणार कोण? अखेर पुरुषांचे हात लागले. शुद्धीचे विधी झाले, आणि पूजेचा अधिकार पुन्हा बायकांकडेच राहिला.

सातभाया हलवले गेले तेव्हा केंद्राच्या आपत्ती साहाय्याच्या यादीत चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी, अगदी ढगफुटी आणि थंडीची लाटसुद्धा होती. समुद्राची धूप नव्हती. एका रात्रीत घर पाडणारा वारा आपत्ती ठरतो आणि चाळीस वर्षे थोडे थोडे आत येणारे पाणी ठरत नाही, हे कागदावर वाचताना जेवढे विचित्र वाटते, त्याहून अधिक त्या हापशाजवळ उभे राहिल्यावर वाटते. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूपग्रस्तांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची तरतूद सुचवली.

निघताना माउसींनी माझ्या गावचा समुद्र किती लांब आहे, असे विचारले. माझे आजोळ मालवणजवळ देवबागचे. तेथे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मध्ये चिंचोळी पट्टी आहे. मी म्हणालो, आता शंभर पावले. आजीच्या वेळी मध्ये माडांच्या आणखी दोन रांगा होत्या. माउसी गप्प राहिल्या. मग आपल्या आखूड दाराकडे पाहत त्यांनी विचारले, “तुमचे दार कसल्या लाकडाचे?”

“फणसाचे,” मी म्हणालो.

“मग न्यायला जड पडेल, बाबू.”