बाबा, शट डाऊन आणि ४१ दिवस

आमच्या चिपळूणच्या घरी रात्री साडेदहाला एक कार्यक्रम असतो. गॅस बंद, मागच्या दाराला कडी, आणि मग बाबा कॉम्प्युटरपाशी जाऊन शट डाऊन करणार, स्क्रीन काळी झाली की भिंतीवरचं बटण बंद, पावसाळा असेल तर पिनसुद्धा काढून बाजूला. मी सुट्टीला गेलो की यावरून आमची हमखास जुंपते, कारण मी पडलो स्लीपवाला माणूस, म्हणजे मशीन पूर्ण बंद न करता नुसतं झोपवायचं, वीस टॅब उघडे टाकून झोपायचं आणि सकाळी माऊस हलवला की सगळं जिथल्या तिथे पाहिजे.

बाबांची सवय कुठून आली ते मला माहितीये. त्यांच्या ऑफिसात विंडोज ९५ होतं, शट डाऊन केलं की काळ्या स्क्रीनवर केशरी अक्षरात 'आता बंद केलं तरी चालेल' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि मग कॅबिनेटचं बटण हाताने दाबायचं. ती अक्षरं दिसेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हे इतकं मुरलंय की आजही ते स्क्रीनसमोर हात मागे बांधून उभे राहतात.

तर यावेळी जूनमध्ये गेलो तेव्हा त्यांची तक्रार, "अरे सातबाऱ्याची प्रिंट देतोय आठ दिवस, कागदच बाहेर येत नाही. रोज बंद करून चालू करतो तरी तेच." मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम', म्हणजे मशीन शेवटचं पहिल्यापासून सुरू झाल्याला किती वेळ झाला ते दिसतं, तिथे ४१ दिवस!

"बाबा, तुम्ही ४१ दिवस कॉम्प्युटर बंदच केलेला नाही."

"पिन काढतो मी रोज! पिन!!"

आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' म्हणून प्रकार आलाय. शट डाऊन म्हटलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा जो आतला गाभा असतो, कर्नल आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) वगैरे, तो होता तसा डिस्कवर एका फायलीत लिहून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलून मेमरीत ठेवतात, म्हणून लवकर चालू होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे फार सोयीचं. पण ड्रायव्हर रात्री रुसलेला असेल तर सकाळी तसाच रुसलेला उठतो. रिस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. बाबा म्हणाले, "म्हणजे बंद म्हणजे बंद नाही, आणि रिस्टार्ट म्हणजे खरं बंद?" हो, तसंच आहे, काय करणार.

रिस्टार्ट केलं. दोन मिनिटांनी प्रिंटर जागा झाला आणि त्याच सातबाऱ्याच्या ११ कॉप्या एकामागून एक सोडल्या. आई स्वयंपाकघरातून, "अगं बाई, जमीन वाढली की काय?"

आता रात्री बंद करावा की नाही, तर नुसता चालू ठेवायला माझा ठाम विरोध. साधा डेस्कटॉप काही न करता ६० वॅट घेतो असं धरा, ८ तास म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट, महिन्याला १४ च्या वर. आणि तुमचं बिल १०० युनिटच्या आसपास घुटमळत असेल तर हे १४ युनिट बरोबर वरच्या महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात. स्लीपमध्ये तोच डेस्कटॉप दोन-तीन वॅटवर येतो, महिन्याला पाऊण युनिट सुद्धा नाही. सारखं बंद-चालू केल्याने मशीन खराब होतं म्हणतात त्यात फार दम नाही, दिवसातून एकदा केल्याने काही झिजत नाही.

पण स्लीपमध्ये काम मेमरीत असतं, लाईट गेली की गेलं. आणि कोकणात पावसाळ्यात लाईट जाते हे मी सांगायला पाहिजे का! त्यात आकाशातली वीज. एका वर्षी वळवाच्या पावसात मशीन शट डाऊन, बटण बंद, तरी लॅनचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर खुपसायची जागा, गेला, कारण मॉडेमची वायर तशीच लावलेली होती आणि झटका तिकडून आला. तेव्हापासून बाबा पिनेबरोबर तीही वायर काढतात, आणि यात मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पुण्यात माझ्याकडे स्लीप, त्यांच्याकडे पिन, असं ठरलं.

जाताना त्यांना एक युक्ती शिकवून आलो, शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊनवर क्लिक केलं की तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. आता ते डावा हात शिफ्टवर दाबून असे बसतात जसं पेटीचा भाता धरलाय.

मागच्या आठवड्यात फोन आला, "बँकेची साईट उघडत नाही, म्हणे तुमचं घड्याळ मागे आहे." बघतो तर मशीनमध्ये तारीख १ जानेवारी २०१५! पिन लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असलं की मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटला, थोडा करंट मिळत राहतो, बटण बंद केलं किंवा पिन काढली की घड्याळ चालवायला फक्त आतला बटण सेल, सीआर २०३२, आणि तो संपला होता. घड्याळवाल्याकडे मिळतो म्हटलं. बाबांनी दोन आणले, एक टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये.