तुम्ही विचारलंत म्हणून: वाचवणाऱ्यावरच लोक का उलटतात?

‘जीव वाचवणाऱ्यालाच लोक दगड मारतात, असं कुठे असतं का हो?’ सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा विषय निघाला की हे येतंच. पूर्वी मीही ‘लेखकाची सोय, दुसरं काय’ म्हणून हात झटकायचो. ते उत्तर आळशीपणाचं होतं.

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पहिला अंक काढा. मार्च १९६३, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. सगळे त्या खडूस पेपरवाल्या जेमसनला धरून बसतात. पण संशय पहिल्यांदा व्यक्त होतो तो बँकेच्या खिडकीत. सांभाळणारे बेनकाका गेलेत, घरभाडं थकलंय, म्हणून पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, मुखवटा चढवून रंगमंचावर खेळ करतो. पैसे चेकने मिळतात, तोही ‘स्पायडर-मॅन’च्या नावाने. कारकून विचारतो, या नावाचं लायसन्स आहे का? पोशाख काय, कोणीही घालेल. यात द्वेष कुठे आहे? खिडकीमागच्या माणसाने दुसरं काय करायचं? जेमसन तोच कारकुनी प्रश्न मोठ्या टायपात छापतो. तोंड लपवून फिरणाऱ्याचा आदर्श पोरांनी घ्यायचा? त्यापेक्षा माझा अंतराळवीर पोरगा जॉन बघा, उघड्या तोंडाने जीव धोक्यात घालतो. झालं, खेळ बंद.

पुढे जॉनच्या यानाचा दिशा सांभाळणारा भाग निखळतो. स्पायडर-मॅन हवेतच यानावर चढून नवा भाग बसवतो, पोरगा सुखरूप उतरतो. आणि बाप छापतो की बिघाड स्पायडर-मॅननेच केला, नायक म्हणून मिरवायला! इथे तुम्ही म्हणता, अतिच झालं. मलाही तसंच वाटायचं. पण पीटरच्या घरातल्या चित्रचौकटी तुम्ही पाहिल्यात, जेमसनने नाही. जमिनीवरून जेवढं दिसलं, त्यात दोन्ही अर्थ बसतात.

लिहिणारे नेमके इथेच घसरतात. जमाव एका सुरात ओरडतो, कोणाचंच काही बुडालेलं नसतं, आणि मग लोक निव्वळ मूर्ख दिसतात. ओरडणाऱ्याचं खरोखरचं नुकसान झालेलं हवं. ‘सिव्हिल वॉर’ या कॉमिक्समालिकेत (२००६, मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन) ते आहे. टीव्हीच्या कार्यक्रमासाठी छापा घालणाऱ्या पोरसवदा हिरोंसमोर नायट्रो हा खलनायक स्वतःचाच स्फोट घडवतो, शेजारी शाळा, स्टॅमफर्डमध्ये सहाशेवर माणसं जातात. मुलगा गमावलेली मिरियम शार्प टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, तोंडावर थुंकते. त्यातून कायदा येतो: हिरोंनी सरकारकडे खऱ्या नावाने नोंदणी करायची. एवढी भक्कम बाजू उभी केली आणि नंतर तिचीच वाट लावली. नोंदणी कायदावाल्यांच्या हाती दुसऱ्या मितीतला तुरुंग दिला, थॉर या हिरोची नक्कल दिली, त्या नक्कलेकडून विरोधातल्या गोलायथ या हिरोला मारवलं. आता त्यांच्या बाजूने बोलायचं कोणी? शार्पबाईंचा प्रश्न राहिला बाजूलाच.

त्याच कथेत पीटर पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. कारकुनाने मागितलेली ओळख वाचकांच्या कॅलेंडरने ४३ वर्षांनी मिळाली म्हणायची. मग गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिन त्याच्यावर नेमबाज सोडतो आणि गोळी लागते पीटरच्या मे काकूला.

जेमसनची वकिली मी केली. त्या खिडकीतल्या कारकुनाची करावी की नाही, हे माझं अजून ठरत नाही.