बंद करू नका, दहा मिनिटं द्या

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक डायग्नोस्टिक सेंटर आहे. सीटी स्कॅन, सोनोग्राफी, एक्स-रे सगळं तिथंच होतं, पण पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट नाही. सीटीच्या प्रतिमा पुण्याला जातात आणि तिकडून रिपोर्ट येतो. या सेंटरच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आली ती आधीच्या माणसाला कंटाळून. तक्रार एकच: काही दिवस सगळं सुरळीत चालतं, मग अचानक ‘नेट जातं’, आणि फायरवॉलचा, म्हणजे सेंटर आणि इंटरनेट यांच्या मधल्या पहारेकऱ्याचा, बॉक्स बंद करून चालू केला की परत येतं.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. सीटी मशिनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर सुरक्षेचे अपडेट आपल्या मनाने टाकता येत नाहीत, मशिनच्या कंपनीची मान्यता लागते. म्हणून ते मशिन वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच वायरींवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये, ठेवायचं, आणि तिथून निघालेली प्रत्येक प्रतिमा फायरवॉलमधूनच सर्व्हरकडे जाऊ द्यायची. एक स्लाइस ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, दर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. हजार स्लाइसचा स्कॅन असला की ५०० एमबी. हे सगळं फायरवॉलच्या एकाच लॅन पोर्टातून (सेंटरच्या आतल्या बाजूच्या जोडणीतून) आत येतं आणि त्याच पोर्टातून बाहेर पडतं. ते पोर्ट अडलं की बाहेरचं इंटरनेट ठणठणीत असूनही सेंटर ठप्प.

बॉक्स म्हणजे एक छोटा पीसी, त्यावर पीएफसेन्स २.७.२ हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर, खाली फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम. वॅनला, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूला, इंटेलचं १ गिगाबिटचं पोर्ट. लॅनला मदरबोर्डवरचं २.५ गिगाबिटचं, त्याची चिप रिअलटेकची आरटीएल८१२५बी. या सेंटरला २.५ गिगाबिटची गरज नव्हती. पण २०१६ साली ८०२.३बीझेड हे मानक मंजूर झालं, जुन्याच कॅट-५ई वायरींवर २.५ गिगाबिट धावू लागलं, आणि आता नवा बोर्ड घेतला की बहुतेक वेळा हे पोर्ट त्याच्यासोबतच येतं. घेणारा स्पीड विचारतो. चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, आपल्या सिस्टिममध्ये आहे का, हे कुणी विचारत नाही, आणि दुकानदारालाही ते माहीत नसतं.

फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, ‘आरई’ नावाचा ड्रायव्हर फार वर्षांपासून आहे, पण तो ८१११ वगैरे गिगाबिट चिपांसाठी. २.७.२ मधला हा ड्रायव्हर ८१२५ ला ओळखत नाही. कमांड लाइनवर पीसीआयकॉन्फ चालवलं की ड्रायव्हरच्या नावाच्या जागी ‘नन०’ दिसतं, पुढे व्हेंडर १०ईसी, डिव्हाइस ८१२५. चिप जागेवर आहे, तिला वाली नाही. मग कंपनीने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर बसवायचा, जो फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’ नावाच्या सॉफ्टवेअर-संग्रहात पॅकेज करून ठेवलेला असतो. पॅकेज उतरवायला नेट हवं आणि नेट यायला पॅकेज हवं. बॉक्सचं दुसरं एखादं नेटवर्क पोर्ट चालत नसेल तर पेनड्राइव्हवरून नेऊन टाकावं लागतं. त्यानंतर लोडर.कॉन्फ.लोकल या फाइलीत दोन ओळी लिहायच्या: मॉड्युल लोड कर, आणि ते अमुक जागेवरचं घे. याच ओळी नुसत्या लोडर.कॉन्फमध्ये टाकल्या तर सिस्टिम ती फाइल पुन्हा लिहिते तेव्हा त्या पुसल्या जातात. आधीच्या माणसाने हे सगळं बिनचूक केलं होतं. त्याला काम येत होतं.

म्हणूनच पुढे त्याने जे केलं त्याचा मला अजून राग येतो. पोर्ट अधूनमधून अडतंय हे कळल्यावर त्याने भिंतीवर टायमर सॉकेट लावला, दातेरी चकतीचा, जुन्या पद्धतीचा. पहाटे तीनला बॉक्सची वीज तोडायची आणि पंधरा मिनिटांनी परत द्यायची. त्या चकतीला फिरायलाही वीजच लागते. गावात लाइट गेली की चकती थांबते, आली की तिथून पुढे फिरते. लाइट नसल्याचे तास साठत गेले आणि पहाटे तीनचा टायमर सरकत सरकत सकाळी दहावर आला, ऐन ओपीडीत. मग इंटरनेटवाल्याला शिव्या खाव्या लागल्या, चांगला चालणारा स्विच बदलला गेला, त्याचं बिल झालं. शेवटी डॉक्टरांनी वैतागून टायमर उपटून टाकला, आणि मूळ दुखणं पुन्हा उघडं पडलं.

मी आल्यावर सर्वांना एकच विनवणी केली होती: पुढच्या वेळी बंद पडलं तर बॉक्सला हात लावू नका, आधी मला फोन करा. पण समोर पेशंट उभा असताना कुणीही बटण दाबणारच, आणि ते दाबलं की सगळा पुरावा जातो. रीस्टार्टनंतरचा बॉक्स कोरा असतो.

त्या दिवशी दुपारी टेक्निशियन ताईंचा फोन आला. “सर, परत तसंच झालंय बगा. हात लावलेला नाही. पण लवकर सांगा, अ‍ॅक्सिडेंटची केस आहे.”

मोटरसायकलवरून पडलेला माणूस, डोक्याला मार. स्कॅन झाला होता, स्लाइस मशिनच्या कन्सोलवर दिसत होत्या, सर्व्हरकडे एकही जात नव्हती. डॉक्टरांनी स्क्रीनचे फोटो काढून मोबाइलवरून रेडिओलॉजिस्टला पाठवले होते, पण त्यावर पक्का रिपोर्ट कुणी देत नाही. फोन डॉक्टरांनी घेतला.

“पेशंट मिरजेला हलवायचा का, हे रिपोर्टवर ठरणार आहे. बंद करून चालू केलं तर पाच मिनिटांत येतं, हे आम्हाला माहितेय. तुम्हाला किती वेळ पाहिजे?”

“डॉक्टर, दहा मिनिटं द्या. आत्ता बंद केलं तर कारण परत सापडणार नाही.”

थोडं थांबून ते म्हणाले, “घ्या. दहाच्या वर एक नाही.”

वॅनचं पोर्ट जिवंत होतं, त्यामुळे पुण्याहून व्हीपीएनने मी बॉक्समध्ये लगेच शिरलो. बाहेरून फायरवॉल दिसतेय, आतल्यांना दिसत नाही. याच एका गोष्टीने इंटरनेटवाला आणि वीज दोघंही सुटले. लॅन पोर्टाची स्थिती पाहिली: ‘अ‍ॅक्टिव्ह’, २५००बेस-टी, फुल-डुप्लेक्स, म्हणजे जोडणी शाबूत. ताईंना विचारलं, पोर्टाचा दिवा? “लुकलुकतोय की.” लॉगमध्ये एक अक्षर नाही. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडंप लावला तर बॉक्स एआरपीचे, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ असे, प्रश्न विचारत होता आणि उत्तर एकही येत नव्हतं. म्हणजे पाठवणं चालू, घेणं बंद.

एकाच मशिनमध्ये एक पोर्ट जिवंत आणि एक मुकं, म्हणून मेमरीकडे लक्ष गेलं. टॉप या कमांडमध्ये पाहिलं तर मेमरी चांगली मोकळी होती. इथं बहुतेक जण मेमरी सोडून दुसरीकडे वळतात. मी नेटवर्कची मेमरी दाखवणारं नेटस्टॅट -एम चालवलं. त्यात एक ओळ असते, जंबो क्लस्टरच्या, म्हणजे मेमरीतल्या मोठ्या डब्यांच्या, नाकारलेल्या मागण्यांची, तीन आकडे तिरक्या रेघांनी तोडलेले: ४के, ९के, १६के. पहिला शून्य, तिसरा शून्य, मधला भलामोठा. पुन्हा चालवलं, मधला वाढला. पुन्हा, आणखी वाढला. व्हीएमस्टॅट -झेडमध्येही ९के जंबोच्या रांगेत फेलचा आकडा तसाच चढत होता.

नेटवर्क कार्डाला येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी मेमरीत एक रिकामा डबा तयार ठेवावा लागतो. हा ड्रायव्हर, वेगळं काही सांगितलं नाही तर, कार्डाला झेपणाऱ्या सर्वांत मोठ्या फ्रेमच्या (तारेवरून येणाऱ्या पॅकेटच्या) मापाचा डबा मागतो, म्हणजे जंबो फ्रेमचा, ९ केबीचा. प्रोसेसर मेमरी वाटतो ती ४०९६ बाइटच्या पानांत. ९ केबीच्या डब्याला तीन पानं लागतात, आणि तीही लागून लागून. बॉक्स नुकताच चालू झालेला असतो तेव्हा तशी जागा हवी तितकी असते. दिवस जातात, झेडएफएस या फाइल सिस्टिमची कॅश वाढते-घटते, ब्लॉकलिस्ट लोड होतात आणि सुटतात, मेमरीचे तुकडे पडत जातात. एसटीत वीस जागा रिकाम्या असाव्यात आणि तिघांना शेजारी शेजारी बसायला बाक मिळू नये, तशी गत होते. आकडा मोकळा दिसतो, डबा मिळत नाही, ड्रायव्हर अडतो. इंटेलचं पोर्ट २०४८ बाइटचे डबे वापरतं, असे दोन एका पानात बसतात, म्हणून त्याला काहीच झालं नव्हतं. आणि रीस्टार्ट केलं की मेमरी पुन्हा सलग होते, म्हणून रीस्टार्ट दर वेळी ‘लागू’ पडत होता.

या सेंटरमध्ये जंबो फ्रेम कुणीच वापरत नाही. सगळीकडे एमटीयू, म्हणजे पॅकेटचं कमाल माप, १५०० बाइट. नऊ केबीच्या डब्यात दीड केबीचा माल येत होता.

उपाय एका ओळीचा आहे. लोडर.कॉन्फ.लोकलमध्ये त्या ड्रायव्हरचं ‘मॅक्स आरएक्स एमबफ साइझ’, म्हणजे येणाऱ्या पॅकेटच्या डब्याचं कमाल माप, २०४८ करायचं. ते बूट होतानाच वाचलं जातं, तेव्हा रीस्टार्ट लागणारच होता. नेटस्टॅटचं आणि व्हीएमस्टॅटचं सगळं आउटपुट माझ्याकडे उतरवून घेतलं, ओळ टाकली, दोनदा वाचली, कारण इथं एक अक्षर चुकलं तरी सिस्टिम तक्रार करत नाही, ओळ नुसती निकामी ठरते. “ताई, आता मी इथूनच रीस्टार्ट करतोय, तुम्ही प्लगला हात लावू नका.” बॉक्स वर आला, प्रतिमा सर्व्हरवर, तिथून पुण्याला. रिपोर्ट आला, पेशंट मिरजेला गेला. डॉक्टरांची दहा मिनिटं संपायच्या आत मी रीस्टार्टची कमांड दिली होती, पण बूट व्हायचा वेळ त्यावर गेला.

त्यानंतर कितीतरी आठवडे मी रोज सकाळी तो मधला आकडा पाहत होतो. शून्य. एकदाही शून्याच्या वर गेला नाही.

मला छळतंय ते वेगळंच. ही २०४८ ची ओळ मी शोधून काढलेली नाही. हे ड्रायव्हरचं पॅकेज बसवलं की शेवटी स्क्रीनवर एक छोटी सूचना छापून येते. मेमरीचे तुकडे पडले असतील तर ४०९६ बाइटहून मोठी सलग जागा मागताना ड्रायव्हर अडकू शकतो, जंबो फ्रेम नको असतील तर हे मूल्य २०४८ करा, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. पॅकेज सांभाळणाऱ्या कुणीतरी, पगाराशिवाय, पुढच्या माणसाचा त्रास वाचावा म्हणून ते लिहून ठेवलं. आधीच्या माणसाच्या डोळ्यांसमोरून ते गेलंच असणार. इंटरफेस दिसला, आयपी मिळाला, काम झालं, पुढचं गिऱ्हाईक. आमच्या धंद्यात पैसे पोर्टाचा दिवा लागण्याचे मिळतात, सूचना वाचण्याचे नाही.

दुसरं, हे प्रकरण मी ज्या ज्या व्यवसायबंधूला सांगितलं त्याचं उत्तर ठरलेलं: “रिअलटेक कशाला ठेवलं? इंटेल टाकायचं.” या मताची मुळं जुनी आहेत. बिल पॉल या प्रोग्रामरने फ्रीबीएसडीसाठी रिअलटेकच्या ८१३९ चिपचा ड्रायव्हर लिहिला तेव्हा कोडमध्येच त्या चिपबद्दल जळजळीत शेरा मारून ठेवला, आणि पिढ्यान् पिढ्या तो सांगितला जातोय. पण ती चिप १०० मेगाबिटच्या काळातली. आणि २.५ गिगाबिटमध्ये इंटेलचीही सुरुवात अडखळतच झाली: त्यांच्या आय२२५ या चिपच्या पहिल्या आवृत्त्यांत दोन पॅकेटमधल्या अंतराचा दोष होता, काही स्विचांसोबत २.५ वर पॅकेट गळायची, आणि तो निस्तरायला चिपची नवी आवृत्ती काढावी लागली. ८१२५ इथं ओळ टाकल्यापासून एकदाही अडलेली नाही. दोष कुठे आहे ते न बघता ब्रँडला नाव ठेवणं आणि टायमर लावणं यांत मला फारसा फरक दिसत नाही.

तरीही बॉक्स बदलावा का, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर म्हणजे दर मोठ्या अपग्रेडला टांगती तलवार. नव्या कर्नलने जुनं मॉड्युल नाकारलं तर लॅनचं पोर्ट सिस्टिमच्या लेखी नाहीसं होतं, पीएफसेन्स बूट होता होता ‘नेटवर्क इंटरफेस मिसमॅच’ म्हणून थांबतं आणि व्हीलॅन आत्ता लावायचे का, असं कन्सोलवर विचारत बसतं. तोवर व्हीपीएनही वर आलेला नसतो. पुण्याहून मला काहीही करता येणार नाही. या छोट्या पीसीत दुसरं कार्ड टाकायला स्लॉट नाही. नवा बॉक्स सुचवला तर डॉक्टर म्हणाले, “आता चालतंय ना? मग राहू दे की.” त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे.

पुढचं अपग्रेड रविवारी, सेंटर बंद असताना, मी स्वतः तिथं जाऊन करणार आहे. कॉन्फिगरेशनचा बॅकअप, नव्या आवृत्तीसाठीचं ड्रायव्हरचं पॅकेज पेनड्राइव्हवर, एक मॉनिटर, एक कीबोर्ड. तोवर अपडेटच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, हे ताईंना सांगून ठेवलंय.