पाणी मोजणारं आमचं ऑफिस : आमची वाटचाल

आमच्या जिल्ह्यात ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) उजनी धरण आहे आणि सोलापूर शहरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. लहानपणापासून हेच बघत आलोय त्यामुळे यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही, ड्रम भरायचे, पाणी आलं की आईचा आरडाओरडा, मोटर लावा रे, एवढंच. सिव्हिलला ॲडमिशन घेतली तीसुद्धा बिल्डिंग बांधायच्या हौसेने. तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलॉजी शिकवणाऱ्या सरांनी उजनीचा हिशोब मांडायला लावला तेव्हा कळलं की त्या ११७ मधलं जवळपास ६३ टीएमसी मृत साठाच आहे, म्हणजे तळाचं, एरवी बाहेर न काढता येणारं पाणी, आणि शहरासाठी नदीतून पाणी सोडलं की ते भीमेच्या पात्रातून, शहरासाठी पाणी अडवतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत येईस्तोवर किती वाळूत मुरतं, किती उन्हाने उडतं आणि किती काठावरच्या मोटरी ओढतात. शहराच्या वाट्याला त्यातलं थोडंसंच. तिथनं या विषयाचा नाद लागला तो लागलाच.

घरी एकच धोशा, एमपीएससी दे आणि जलसंपदात चिकट. दिली, नाही निघाली. गेट परीक्षेच्या स्कोरवर वॉटर रिसोर्सेसला एमटेक केलं आणि पुण्यात एका कन्सल्टन्सीत लागलो. तिथे दिवसभर पूररेषा काढायच्या, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, आणि बिल्डरचा फोन की साहेब लाइन जरा नदीकडे सरकवता येते का बघा. हेक-रास, क्यूजीआयएस, ऑटोकॅड ही पूर, नकाशे आणि ड्रॉइंगची सॉफ्टवेअर सगळी तिथेच शिकलो, पगारपण बरा होता. पण एसीत बसून नदी बघायला मजा येईना.

सोलापूरला परत येऊन कॉलेजच्या मित्रासोबत सात रस्त्याजवळ एक खोली घेतली. जमिनीची उंची-सखलता मोजायचं ऑटोलेव्हल भाड्याचं, त्याची उभी मोजपट्टी (स्टाफ) पकडायला मित्राचा धाकटा भाऊ. नाला सर्व्हे, प्लॉटिंगची लेव्हल, जे येईल ते घ्यायचो. सोलापुरात तेव्हा पाण्याचा सल्ला कोणी पैसे देऊन घेत नव्हतं, त्यासाठी पाणाड्या होता, हातात नारळ धरून शेतात फिरला की नारळ उभा राहील तिथे बोअर. आमची खरी कॉम्पिटिशन तीच, आणि त्याची फी आमच्यापेक्षा वेळेवर मिळायची.

ऑफिसला दिशा मिळाली ती सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्या काकांमुळे. पाच एकर बाग, दोन बोअर होते, तिसऱ्याला पॉइंट दाखवा म्हणून आले. मी म्हणलं काका, आधी असलेलं मोजू. ते म्हणाले त्यात काय मोजायचंय, दोन इंची पाणी आहे. एक बोअर तर नुसती गुळणी टाकत होता, थांबून थांबून थोडंसं पाणी, तो सोडून दिला. दुसऱ्याच्या तोंडाशी २०० लीटरचा बॅरल ठेवला, मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. पहिला बॅरल मिनिटात भरला, काका खुश. मोटर तशीच चालू ठेवली, मध्ये चहा झाला, दीड तासाने तोच बॅरल भरायला चार मिनिटं लागली. म्हणजे तासाला ३००० लीटर. लाइट आठ तास धरली तर २४ हजार, उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ड्रिपने ५० लीटर धरले तर पाचशेच्या आतच झाडं, जेमतेम दीड एकर. काका बराच वेळ बॅरलकडे बघत बसले, मग म्हणाले, "मग तिसऱ्यात तरी कुठनं येणार ओ साहेब?" बरोबर आहे, खालचा काळा पाषाण तोच, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि एकाच भेगेला तीन नळ्या लावून पाणी वाढत नाही. त्यांनी बोअर रद्द केला, थोडी बाग कमी केली आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी धरायला शेततळं केलं. त्यांच्या सांगण्यावरून आजूबाजूची कामं येत गेली.

शेततळ्यावरून आमच्या ऑफिसात आजही वाद होतात. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, एकास एक उतार, म्हणजे जवळपास २२ लाख लीटर. ओढ्याच्या पाण्याने भरत असेल तर चांगलंच आहे. पण बरेच जण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात आणून ठेवतात, काठोकाठ भरलेल्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर जरी उडालं तरी ९००० लीटर गेलं, आणि याला जलसंधारण म्हणायचं! मी अशी कामं घेत नाही. पार्टनर म्हणतो आपण नाही केलं तर दुसरा करणार, आणि तो दुसरा आपल्याच गल्लीत ऑफिस टाकून बसलाय हेही खरं आहे.

२०१९ ला घरोघरी नळाने पाणी द्यायचं जलजीवन मिशन आलं आणि डीपीआरची, म्हणजे योजनेच्या सविस्तर अहवालांची, रांग लागली. माणशी ५५ लीटर, तीन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख ६५ हजार लीटर, टाकी आणि पाइपचं डिझाइन कोणीही करेल, पण मे महिन्यात विहिरीत तेवढं असेल का हे विचारलं की मीटिंगमध्ये शांतता. बिलं मात्र अशी अडकली की एका कामाचे पैसे येईपर्यंत बायकोने हिशोबाच्या वहीत त्या गावाचं नाव लाल पेनने लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून खासगी कामं जास्त, सरकारी जपून.

नवीन पोरं इंटरव्ह्यूला येतात, सॉफ्टवेअर सगळ्यांना येतं, नाल्यातल्या पाण्याचा वेग काढायचा मॅनिंगचा फॉर्म्युला तोंडपाठ. मी त्यांना एकच विचारतो, तुमच्या घरच्या टाकीत किती लीटर बसतं? निम्मे गप्प होतात. जो हाताने लांबी-रुंदी दाखवत अंदाज सांगतो त्याला ठेवून घेतो, बाकी शिकवता येतं. एमपीएससी करायची असेल तर खुशाल करा म्हणतो, आमच्याकडनं गेलेली एक मुलगी आता जलसंधारण विभागात आहे आणि आमच्याच रिपोर्टांत चुका काढते, बरोबर काढते.

सध्या सीनेवरच्या एका जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्याचं काम चालू आहे, पाणी बर्ग्यांतून (पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवायच्या फळ्या) गळतंय की पायाखालून जातंय हे शोधायचंय, आणि ऑक्टोबरात बर्गे टाकायच्या आत रिपोर्ट द्यायचाय, त्यामुळे बाकीचं नंतर कधीतरी लिहीन.