पुणेरी बोलशब्दांचा ऑनलाइन कोश : या खेपेचं काम

या खेपेला नवे शब्द जवळजवळ थांबवून जुन्या नोंदी दुरुस्तीला काढल्या. सुरुवात 'राडा'पासून. भांडण या अर्थाचे पुरावे बातम्यांत शोधायला गेलं की समोर ढिगाने 'राडारोडा' येतो, नदीपात्रात टाकलेला नाहीतर फुटपाथवर पडलेला. म्हणून शोध फक्त 'राडा' एवढ्याच शब्दाला बांधला, तर 'राडे', 'राड्यात', 'राड्यानंतर' सगळे हातचे गेले. मराठीत सामान्यरूप दिल्याशिवाय शोध लंगडाच. आता प्रत्येक नामामागे तीन रूपं भरतो (राडा, राडे, राड्या-) आणि लगेच पुढे किंवा जोडरेघेनंतर 'रोडा' आला तर तो निकाल गाळतो. 'पडीक'ला मात्र अशी युक्ती चालत नाही. जमीनही पडीक आणि कट्ट्यावरची पोरंही पडीक. तिथे वाक्यं एकेक करून वाचावी लागतात.

शब्द पाठवणारे हमखास क्रियापद गाळतात. 'पोपट : फजिती' एवढंच लिहिलं तर परका माणूस 'मी पोपट झालो' म्हणेल, आणि तिथेच त्याचा पोपट होईल. शीर्षक 'पोपट होणे' आणि 'पोपट करणे' असंच हवं, 'ज्याची फजिती त्याला षष्ठी' ही टीप हवी, आणि एक पूर्ण वाक्य हवं. चौकातला 'मामा' (वाहतूक पोलीस) आणि 'मामा बनवणे' (फसवणे) या तर सरळ दोन नोंदी.

टंकलेखनाचा घोळ वेगळाच. 'दऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अक्षरं जोडणारं, न दिसणारं 'झिरो विड्थ जॉइनर' हे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी टंकरूपं एक करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही ही दोन रूपं एक करत नाही. त्यात फॉर्म साफ करणाऱ्या कोडने जॉइनर उडवला की दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे थेट समुद्र. 'ॲ'चंही तेच: एकाच चिन्हाचा किंवा अ आणि वरचा चंद्र असा जोडलेला. साठवण्याआधी दोन्ही एका रूपात आणायचे. क्रमवारी लावताना 'एमआर' लोकेल (भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगणारा संकेत) दिलं नाही तर ळ हा ह नंतर न येता ल च्या शेजारी बसतो.

पुराव्याचा नियम कडक केला आहे. प्रत्येक अर्थाला तीन वेगवेगळ्या माणसांची वाक्यं, प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण. नुसतं 'पुणे' चालणार नाही. सदाशिव पेठ, हडपसर, पिंपरी, असं नेमकं लिहा. शिवाय 'आढळ' आणि 'उगम' हे रकाने वेगळे ठेवा. 'विषय हार्ड' (एकदम जबरदस्त) फर्ग्युसन रस्त्यावर ऐकला म्हणून पुण्याचा होत नाही. त्याची ओळख कोल्हापूरची. खासगी ग्रुपमधलं वाक्य परवानगीशिवाय घ्यायचं नाही आणि घेतलं तर नावं काढायची. जातीवरून आलेल्या शिवीला 'गमतीदार' हा शिक्का कधीच नको; 'जातिवाचक, अपमानकारक' असं स्पष्ट लिहायचं.

आता मान्यतेचं. २७ फेब्रुवारी जवळ आली की 'दहा भन्नाट पुणेरी शब्द' मागणारे फोन येतात. चार दिवस वाचक वाढतात आणि जातात. अभ्यासकाला हवी असते दाखला देता येईल अशी नोंद. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती म्हटलं की मजकूर ठरलेला असतो. आपली नोंद मात्र काल वेगळी, आज वेगळी. म्हणून प्रत्येक नोंदीला न बदलणारा दुवा, खाली बदलांचा इतिहास, आणि सहा महिन्यांनी सगळ्या कोशाची गोठवलेली प्रत झेनोडो या संशोधन-साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर. तिथे डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) फुकट मिळतो आणि तळटिपेत तोच लागतो. दुव्यात देवनागरी शब्द घालू नका, चिकटवताना त्याची टक्केचिन्हांची माळ होते. साधा नोंदक्रमांक पुरतो.

पुढचं काम उच्चारांचं. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत: पाण्याचा जग आणि सारं जग लिहायला एकच. 'झोल' (गडबड, फसवाफसवी), 'झोलर' (ती करणारा) या नोंदींसाठी दोन-तीन सेकंदांचं ध्वनिमुद्रण हवं, पंखा बंद करून, आणि शब्द सुटा न म्हणता वाक्यात.